आवाजावर चालणारी गाडी

खुर्ची विणताना कुणी शेजारी बोललं की सखूआक्का ओरडायच्या, "गप बसा जरा! वेत किती ताणलाय ते ऐकू द्या की!" त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. कोल्हापुरातल्या आमच्या शाळेच्या खुर्च्या त्याच विणायच्या. मी तिथे शिक्षिका. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत आम्ही बरोबर जायचो.

ऐंशीच्या दशकात आमच्या वाटेवर, राजारामपुरीत, व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. मोटारीच्या खेळाचा आवाज ऐकून आक्का थबकल्या. "बाई, मला चालवायची हाय." मालक हसला, पण त्यानं बसू दिलं.

महिनाभरात त्यांनी तो रस्ता कानांनी पाठ केला. इंजिनाचा सूर चढला की मनात सात मोजायचे, मग डावं वळण. चाकं किंचाळली की स्टिअरिंग सरळ. तरी गाडी आपटायचीच, कारण मध्ये येणाऱ्या दुसऱ्या गाड्यांना आवाजच नव्हता.

"रस्ता न्हाय चुकत माझा!" आक्का मूठ आपटायच्या. "ह्या मुक्या गाड्या मधी येत्यात. एक हॉर्न द्याया काय झालतं?"

यंत्र बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तेही गेलं ते गेलंच.

एकदा मात्र एकही गाडी आडवी आली नाही. फेरी पुरी झाली, यंत्रातून धून वाजली. "जिंकलात आक्का!" मी म्हणाले.

"नशिबानं," त्या फणकारल्या. "परत लावा."

मग वरच्या मजल्यावरून तक्रार आली आणि मालकानं यंत्रांचे आवाज बंद केले. "नियम सगळ्यांना सारखाच, मावशी."

आक्कांनी पिशवीतलं फडकं काढलं, चाचपत पडद्यावर टाकलं. "मग ह्यो बी बंद. आता झालं सारखं. खेळा की!"

दुकानात गलका झाला. मालकानं फडकं ओढून फेकलं. सगळे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुटपुटले, "आक्का, जाऊ द्या. चला."

आम्ही थांब्यावर आलो. बस आल्यावर आक्का म्हणाल्या, "त्यो तर परका. तुमी कुणाकडनं बोललासा, बाई?"

त्या दुकानात त्या पुन्हा गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी शाळेत लोखंडी खुर्च्या आल्या आणि आक्कांचं येणं थांबलं. आजऱ्याला भावाकडे त्या वारल्याचं फार उशिरा कळलं.

"थोडा तरी आवाज ठेवा," एवढं मालकाला म्हणायला मला काय धाड भरली होती?