चौथं रीडिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे — असंच म्हणत आलो इतकी वर्षं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. लॅबमध्ये माझा जोडीदार दामू, खारदांड्याचा कोळी. पितळी सळईचं एक टोक तापवायचं, दीड तास थांबायचं, मग पुढे सहा ठिकाणी तापमान मोजायचं — ते उतरत जायला हवं. पण थांबणार कोण? आम्ही सगळे सीनियरच्या जर्नलमधून आकडे उचलायचो, एखादा अंश इकडेतिकडे करून. पक्के बनेल! दामू तेवढा थांबायचा. जाळ्यात आलं तेच टोपलीत, म्हणायचा.

त्या दिवशी त्याच्यामुळे मीही थांबलो, कंटाळत. चौथ्या ठिकाणचा आकडा पाचव्यापेक्षा कमी आला. असं होत नसतं. तिथली तापमान मोजणारी वायर सैल झालेली मला दिसत होती — पण बोललो नाही, कॅन्टीनला जायची घाई. दामूनं आला तसा आकडा लिहिला. मी घरी जाऊन सीनियरची जर्नल उघडली.

सबमिशनला दोन्ही जर्नल सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी. माझा आलेख झकास उतरत गेलेला, दामूचा मध्येच खड्ड्यात. प्रयोग एक, आकडे दोन — मग खोटा कोण? सरांनी मला एवढंच विचारलं, की दामू प्रयोगाला होता का. माझी तंतरली होती. म्हणालो, "नाही सर. मी एकट्यानंच घेतली रीडिंग्ज."

न येताच आकडे रचले म्हणून दामूची टर्म गेली. परीक्षेला बसता आलं नाही, वर्ष वाया. बाहेर पॅसेजमध्ये तो मला म्हणाला, "तू माझ्या बाजूलाच उभा होतास ना रे?"

शिवी घातली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी तो कॉलेजात आलाच नाही. बापाच्या होडीवर जातो, असं कुणीतरी सांगितलं. मी पार्ल्यात राहायचो — खारदांडा असा किती लांब? गेलो नाही. कधीच नाही. लाज वाटते मला याची.

माझी जर्नल सरांनी नमुना म्हणून लॅबच्या कपाटात ठेवून घेतली. पुढच्या बॅचच्या पोरांनी तिच्यातूनच आकडे उचलले. चौथासुद्धा.