रहेमतबींची मशीन

सिरसाळ्याच्या रहेमतबी तीस वर्षं भाड्याच्या मशीनवर झंपरं शिवत होत्या. गरीब बायकांना स्वावलंबी करणाऱ्या एका संस्थेनं त्यांना मशीन फुकट देऊ केली, पण त्यासाठी तीन महिने सुईत दोरा ओवायला शिकायची अट घातली. त्या मुकाट्यानं शिकल्या.

वाटपाच्या दिवशी संस्थेच्या साहेबांनी माईक पुढं केला. "सांगा मावशी, आधी काहीच येत नव्हतं."

"कावून सांगू? ह्या शिकवणाऱ्या मॅडमच्या अंगातलं झंपर मीच शिवलेलं हाय."

मांडवातल्या बायका हसल्या. साहेबांनी रहेमतबींची मशीन मागं ठेवायला लावली आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं. ती जिनत होती. तिला खरंच काही येत नव्हतं, तसं तिनं सांगितलं आणि मशीन नेली.

दुसऱ्या दिवशी जिनत कापड घेऊन दारात आली. "खाला, तेवढं शिवायचं शिकवा."

रहेमतबींनी शिकवलं, पण कात्री आपटत.