चातीची सुईदांडी

"थांबा, आधी त्याला विचारू द्या." लोखंडाचा तुकडा हाती आला की भाऊराव हेच म्हणायचे. परदेशीपुऱ्याच्या मिलवस्तीतली पोरंसुद्धा त्यांच्या आवाजात हे वाक्य म्हणून दाखवत.

वस्तीतली कापडाची मिल बंद पडून तिसरं वर्ष चालू होतं. तिच्या कताई खात्यात भाऊरावांनी एकतीस वर्षं फिटरकी केली होती. आता ते पहाटेच्या बसने मानपुरला जात आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेकडेने महूपर्यंत चालत येत. घाटात ट्रक हिसके खातात, तिथे बरंच काही गळून पडतं. कमानीची पाती, बेरिंगं, बोल्ट. भंगारवाल्याला त्यात नुसतं वजन दिसे. भाऊराव तुकडा दगडावर वाजवून कानाशी धरत, मग घरी धार लावायच्या चाकावर टेकवत. सरळ लांब ठिणगी उडाली तर नरम लोखंड, फुलबाजीसारखी फुटली तर पोलाद.

त्या मंगळवारी अंबिका त्यांच्या दारात मोडकी दांडी घेऊन उभी राहिली. शिवणयंत्रात सुई धरणारी दांडी. यंत्र सासूच्या काळातलं, विलायती. बाजारात दुकानदाराने पाहिलं न पाहिलं केलं होतं, "ये माल अब नहीं आता, भाभी." तिचा नवरा दिनानाथ त्याच मिलचा विणकर, आता घरीच. घर चालत होतं ते अंबिका शिवायची त्या परकरांवर, आणि कपड्याच्या शेठने सांगून टाकलं होतं की गुरुवारी संध्याकाळपर्यंत माल आला नाही तर काम दुसरीकडे जाईल.

"क्यों काका, आज काय गावलं? विमान पडलं का घाटात?" मागून आलेला दिनानाथ म्हणाला.

"पडलं असतं तर तुला पायलट केलं असतं, भिया. बसून बसून वजन वाढलंय तुझं." भाऊरावांनी पिशवी उलटी केली.

गंजक्या ढिगातून त्यांनी एक टोकदार सळई उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि त्यांचा हात थांबला. कताईयंत्रावर सूत पिळणारी चाती होती ती. बुडाशी कानशीची बारीक तिरपी रेघ होती.

"ही रेघ माझी आहे," ते हळूच म्हणाले. "वाकलेली चाती सरळ केली की मी खूण करायचो. मिलचं भंगार त्याच रस्त्याने मुंबईला चाललंय ना."

अंबिकाने त्या रेघेवरून बोट फिरवलं. हजारो चात्यांमधली एक, कित्येक मैलांच्या धुळीत पडलेली, आणि हा माणूस तिला ओळखतो!

"काका, ही राहू द्या. आठवण म्हणून ठेवा."

"घरात बसून ती काय करील? दिनानाथ होईल तिचा." ते हसले. "तिला कामाची सवय आहे."

चाती लाल तापवून, रात्रभर गरम राखेत पुरून त्यांनी नरम केली, मधोमध कापली. बुधवारी नाक्यावरच्या कारागीर तुकोजीच्या लेथवर एका अर्ध्याची दांडी झाली, सुईसाठी भोक पडलं. मग लाल करून तेलात विझवली. संध्याकाळी ती यंत्रात बसवून अंबिकाने पाय मारला. चार टाके पडले आणि दांडी भोकापाशी काचेसारखी तुटली.

  भाऊरावांनी तुटलेला तुकडा उजेडात धरून निरखला.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी चातीला देतो तेवढंच कडक पाणी दिलं. चाती जागच्या जागी गरगरते, तिला कडकपणा चालतो. ही बिचारी वर-खाली धक्के खाणार. एकतीस वर्षांची खोड, पोरी. हाताने मला विचारलंच नाही."

आता एकच अर्धा उरला होता.

गुरुवारी दुपारी त्यातून निघालेली दांडी तशीच तेलात विझवून, घासून चकचकीत करून त्यांनी शेगडीवरच्या तापल्या पत्र्यावर ठेवली. अंबिका शेजारी बसली होती. पोलादावर आधी पेंढ्याचा पिवळा रंग आला. तो सरकत तांबूस झाला, मग जांभळा. कोणी रंगवत नव्हतं, लोखंड आपणच रंग बदलत होतं. जांभळ्यामागून मोराच्या गळ्याचा निळा उमटला तेव्हा ती पुढे झुकली. भाऊरावांनी त्याच क्षणी चिमट्याने दांडी उचलून तेलात सोडली.

"बस. आता ती कडकही आहे आणि सोसणारीही."

दांडी बसली. अंबिकाने भीत भीत पाय मारला. एक टाका, दहा टाके, परकराचा अख्खा घेर. यंत्र थांबलं नाही; राहिलेले शेवटचे परकर झाले. दिवेलागणीच्या आधी दिनानाथ गठ्ठा सायकलला बांधून शेठकडे गेला आणि पुढच्या परकरांचं कापड घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे यंत्राच्या आवाजात अंबिकाला भाऊराव गल्लीतून जाताना दिसले. रिकामी पिशवी खांद्यावर, मान रस्त्याच्या कडेला झुकलेली. तिने पाय थांबवला आणि उंबऱ्यात आली. नळावर पाणी भरणारी शेजारीण शोभना पाहत होती, दातुनाची काडी चघळणारा दिनानाथही. भाऊराव कोपऱ्यावर वाकले, काहीतरी उचलून कानाशी धरलं, परत ठेवलं, आणि बसच्या दिशेने वळले.