पन्नासाव्या मिनिटाचं इंटरव्हल

‘टेक्निशियनच्या निष्काळजीपणामुळे प्रोजेक्टर बंद पडला.’ वॉर्निंग लेटरमधलं हे वाक्य वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. प्रोजेक्टर बंद पडला नव्हता. पिक्चर मी थांबवला होता. आणि ज्या समीरसाहेबांनी मला थांबवायला लावला, त्यांचीच खाली सही!

मी मूळचा रत्नागिरीचा. रियाधला अल मलाझमधल्या एका मल्टिप्लेक्समध्ये प्रोजेक्शन टेक्निशियन आहे. आता रिळं नसतात. पिक्चर हार्डडिस्कवर येतो, तो सर्व्हरमध्ये भरायचा आणि त्यात क्यू टाकायचे. क्यू म्हणजे खूण: इथे दिवे मंद, इथे थांब, इथे परत सुरू.

त्या आठवड्यात एक आयरिश रोमँटिक कॉमेडी लागली होती. डब्लिनची टापटीप दातांची डॉक्टरीण आणि खेड्यातला गबाळा मेंढपाळ. तिला टेबलावरचा चमचासुद्धा सरळ लागतो. हा बूट घालून सोफ्यावर झोपतो. दीड तासाचा गोड पिक्चर.

समीरसाहेब आमचे मॅनेजर, दिल्लीचे. म्हणाले, “मुकादमभाई, इसमें इंटरव्हल डालो. पॉपकॉर्न बिकेगा.”

मी सांगून पाहिलं. हिंदी पिक्चर इंटरव्हल धरूनच लिहितात, याच्यात तशी जागाच नाही. शिवाय इथल्या लोकांना इंग्रजी पिक्चरमध्ये इंटरव्हलची सवय नाही.

“आप से पूछा नहीं है, बोला है. यल्ला, चलो!”

टाकला क्यू, पन्नासाव्या मिनिटाला. तिथे काय होतं? दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, ती ट्रेनने निघून जाते, हा प्लॅटफॉर्मवर एकटा. गाडी सुटली, पडदा काळा झाला आणि दिवे भक्कन लागले. लोकांना वाटलं, खलास! निघाले की उठून! मी धावत खाली आलो, “इंटरव्हल, इंटरव्हल” म्हणून ओरडलो, तोवर अर्धं थिएटर बाहेर. दारात एका सौदी बाईंनी मला फैलावर घेतलं.

“ही कॉमेडी? दोघं एकत्र येतच नाहीत?”

“येतात हो मॅडम, अजून चाळीस मिनिटांनी.”

“मग दिवे कशाला लावलेत?”

काय सांगणार, कपाळ! बाईंनी हेड ऑफिसला तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी ते लेटर माझ्या हातात पडलं.

माझं हे दुसरं लेटर. आमच्याकडे दोन लेटरं झाली की कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाही. कॉन्ट्रॅक्ट गेलं की इकामा गेला, आणि राहण्याचा परवानाच नाही म्हटल्यावर सगळ्या घराने बॅगा भरायच्या. माझी सना बारावीत, बोर्डाची परीक्षा तोंडावर. घरी सगळं सांगितलं तर तिने विचारलं, “अब्बा, डिड ही गिव्ह इट इन रायटिंग?”

नाही ना! हुकूम तोंडी होता. समीरसाहेबांचा आला तितकाच मला स्वतःचाही राग आला.

चौकशीला हेड ऑफिसमधून एरिया मॅनेजर अबू खालिद आले. समीरसाहेब शांतपणे म्हणाले, “सर, टेक्निकल फॉल्ट.” करून सवरून नामानिराळा! मी सर्व्हरचा लॉग, त्यातली सगळी नोंद, उघडून दाखवला, म्हणजे प्रोजेक्टर ठीक होता हे तरी कळेल. पण क्यू माझ्या लॉगिनने टाकलेला. “आता तर याचीच चूक सिद्ध झाली,” समीरसाहेब म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर!

मग अबू खालिदांनी पॉपकॉर्न काउंटरच्या नूराला बोलावलं. किती लोक बाहेर पडले, एवढंच विचारायला. तिने आकडा सांगितला आणि मोबाइल पुढे केला. “सर, हेही बघा. आमच्या काउंटरच्या ग्रुपवर आलं होतं.”

समीरसाहेबांचाच मेसेज. वेळ संध्याकाळी सातची. ‘आठ वाजता इंटरव्हल. पॉपकॉर्न तयार ठेवा.’

अबू खालिदांनी तो दोनदा वाचला. “समीर, फॉल्ट होणार हे तुला एक तास आधीच कळलं होतं?”



माझं लेटर रद्द झालं, इकामा रिन्यू झाला, सनाने परीक्षा इथेच दिली. आणि समीरसाहेब? त्यांची यान्बू शहरातल्या थिएटरला बदली झाली. मॅनेजर म्हणूनच! लेटर नाही की काही नाही. मला कुणी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आता नवे मॅनेजर काही सांगायला आले की मी मान डोलावतो आणि म्हणतो, “जी साहेब, बस एक मेल डाल दो.” निम्मे हुकूम तिथेच मरतात.