दोतोराची पायलटीण

भाई गेला त्या रविवारी सकाळी मी दारात उभी राहून पोदेराकडून पावाचे उंडे घेत होते. आत फोन वाजला. मुलीने तो घेतला, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. वहिनीचा फोन होता. पहाटे उठून तोंड धुवायला गेला आणि तिथेच बसला तो बसलाच... सदुसष्टावं चालू होतं. साखर होती, छातीचंही थोडंफार होतं, पण आदल्या गुरुवारी मला फणसाच्या भाजीवरून चिडवणारा माणूस असा न सांगता उठून जाईल असं कुणाला वाटेल? मी सवयीने स्कूटरची चावी उचलली. मुलीने ती हातातून काढून घेतली आणि मला गाडीत मागे बसवलं. डिचोलीहून मुळगावचा, भाईच्या घरचा रस्ता मी चाळीस वर्षं पुढे बसून कापला असेल, मागे बसून त्या दिवशी पहिल्यांदाच गेले. समोरून एक ट्रक आला आणि मी नकळत दाराचं हँडल घट्ट धरलं. मागच्या माणसाच्या हातात काहीच नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. भाईला ते रोज कळत होतं.

भाई म्हणजे उल्हास, माझा थोरला भाऊ. नोकरी गुरांच्या दवाखान्यात सहायकाची. डॉक्टर नव्हता, पण आमच्याकडे गाईला सुई टोचणारा प्रत्येक जण दोतोरच, तेव्हा तोही दोतोर झाला. दवाखाना डिचोलीत आणि गुरं गावोगाव, म्हणून नोकरीत पहिली अटच मोटारसायकल चालवता येण्याची. परवाना त्याने काढला होता. कसा काढला ते त्याला आणि परवाना देणाऱ्यालाच ठाऊक. खात्याने त्याला एक मोटारसायकलही दिली. पहिल्याच आठवड्यात तो ती घेऊन निघाला, डांबरी रस्त्याच्या तोंडापर्यंत पोचला आणि थांबला. खाणी तेव्हा जोरात होत्या. खनिजाचे ट्रक एकामागून एक, मधे फट म्हणून नाही. तो तासभर तिथे फटीची वाट पाहत उभा राहिला. मग फट मिळाली तरी गेला नाही. गाडी ढकलत परत आणली आणि पेट्रोल संपलं म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तो माझ्या सासरी आला आणि गोठ्यामागे मला बोलावून म्हणाला, "बाय, म्हाका जमना गे." मी हसले. मला अजून ते हसणं आठवतं आणि स्वतःचा राग येतो. मला वाटलं, शिकवलं की येईल. मी मास्तरीण, कारापूरच्या मराठी शाळेत नुकतीच लागलेली, कुणालाही काहीही शिकवता येतं अशा घमेंडीत. भात कापून झालेल्या आमच्या शेतात मी त्याला रोज गाडी फिरवायला लावली. शेतात तो छान चालवायचा. गोल गोल, दुसऱ्या गिअरमध्ये, शीळसुद्धा घालायचा. शेताचा बांध ओलांडून रस्त्याला लागलं की त्याचे हात थंड पडायचे, अगदी बर्फासारखे, आणि कपाळावर घाम. महिनाभराने मी नाद सोडला.

लोकांना भीतीला कारण लागतं. कुणाचा तरी अपघात पाहिला असेल, लहानपणी पडला असेल... काहीही नव्हतं. मी त्याच्याबरोबर वाढले, मला माहीत आहे. झाडावर चढायला तो भीत नसे, नागाला भीत नसे, लाथा झाडणाऱ्या म्हशीच्या मागे उभा राहायचा. फक्त गाडीला भ्यायचा. पण तसं सांगितलं की लोक हसतात, म्हणून त्याने एक गोष्ट रचून ठेवली होती, ट्रकखाली जाता जाता वाचल्याची. दर वेळी त्या गोष्टीत ट्रक थोडा अधिक जवळून जायचा. मी बाजूला बसून गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची.

मग आमची वाट अशी पडली. माझी शाळा एकला सुटायची. मी स्कूटरने कारापूरहून डिचोलीला यायची आणि भाई बॅग घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभा असायचा. सोमवारी मुळगाव, बुधवारी शिरगाव, शुक्रवारी कारापूरची बाजू. मी पुढे, तो मागे. दुसऱ्या कुणाच्या मागे तो बसत नसे. मोटारसायकलवरून भाडी नेणाऱ्या स्टँडवरच्या पायलटांनी किती वेळा विचारलं, पण नाही. मागची कडी दोन्ही हातांनी धरून, डोळे गच्च मिटून बसायचा आणि विचारायचा, "फुडें कितें आसा?" मी सांगत जायची. आता ट्रक येतोय. आता वळण. आता मोरी, हादरा बसेल. आता मोकळं. 'आता मोकळं' म्हटलं की मागून एक लांब श्वास ऐकू यायचा. गावात पोचलो की उतरून शर्ट नीट करायचा आणि ज्या हातांनी कडी धरलेली असायची त्याच हातांनी अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायचा. ते हात तेव्हा जराही कापत नसत.

बाईच्या मागे बसून हिंडणाऱ्या पुरुषाला गावं काय म्हणतील याची मला धास्ती होती. पण आमच्या लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला. खरे डॉक्टर स्वतःची गाडी स्वतः चालवत येत, आणि हा मात्र आपला पायलट घेऊन येतो. म्हणजे हाच मोठा. "व्हडलो दोतोर पायलटीण घेवन येता," असं शिरगावच्या बायका आपसांत म्हणत. चहाचा पहिला पेला त्याला, खुर्ची त्याला. डॉक्टरसाहेबांना बाकावर बसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि खात्याची मोटारसायकल? ती तो रोज सकाळी पुसायचा, स्टँडवर उभी करून पाच मिनिटं चालू ठेवायचा आणि पुन्हा झाकायचा. एकदा वरचे साहेब तपासणीला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की इतकी जपलेली गाडी दुसऱ्या कुणाकडे नाही. भाईने नम्रपणे मान खाली घातली. आम्ही दोघं ती गोष्ट काढून वर्षानुवर्षं हसलो.

पण गमतीच्या आत एक काटा होता. कुणी लेखी कळवलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, दोन मुलं शाळेत होती. आणि ती नोकरी माझ्या दुपारांवर उभी होती. मला ताप असला तरी जायचं, पाहुणे असले तरी जायचं. मी कुरकुरायची. एकदा सासरच्या एका कार्यात कुणीतरी सगळ्यांदेखत मला विचारलं, भावाला पाठीमागे बसवून अजून किती वर्षं हिंडणार? सगळे हसले. माझा पारा चढला तो दुसऱ्या दिवशी दुपारीही उतरला नव्हता. तो बुधवार होता. मी दवाखान्यापाशी आले तर भाई नेहमीसारखा पायरीवर, बॅग खांद्याला. मी म्हटलं, आजपासून मी येणार नाही. ही नोकरी तुझी आहे, माझी नव्हे. शीक, नाही तर सोड. त्याने खांद्यावरचा बॅगेचा पट्टा सावरला. काहीतरी बोलणार होता. मग नुसतं "बरें" म्हणाला. मी घरी आले, माशांच्या हुमणाशी भात जेवले आणि झोपले.

दोन दिवसांनी कानावर आलं की शिरगावच्या गुणाबायची गाय त्याच बुधवारी पोटफुगीने मेली. पोटफुगीत गाईच्या कुशीत मोठी सुई घालून हवा मोकळी करावी लागते, ते वेळेवर झालं नाही तर थोड्या वेळात खेळ आटोपतो. मी धावत भाईकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, गाय सकाळीच गेली होती, निरोप आला तोच गेल्याचा आला. तू आली असतीस तरी काही फरक पडला नसता. मी देवाचे आभार मानले. पंधरवड्याने राग विसरून पुन्हा गाडी काढली, तेव्हा तो म्हणाला, शिरगाव आता दुसऱ्याकडे दिलंय, तू सोमवारी आणि शुक्रवारीच ये. मला बुधवार मोकळा मिळाला याचा आनंदच झाला. त्या दुपारसाठी मी शिवणाच्या क्लासला नाव घातलं.

तो जाऊन नऊ दिवस झाले तेव्हा गुणाबाय मुळगावला भाईच्या घरी आली. आता ऐंशीच्या घरात, सुनेच्या हाताला धरून, पदराखाली केळ्यांचा फणा. वहिनीजवळ बसली, रडली. मग माझ्याकडे वळून तिने ते सांगितलं. ती दुपार, गाय पडलेली, शेजाऱ्याच्या फोनवरून एकच्या सुमारास दवाखान्यात दिलेला निरोप, आणि सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलेले. तो आला तेव्हा गाईने नुकतेच डोळे फिरवले होते. शर्ट घामाने चिंब, पायांवर लाल धूळ. "आयल्या आयल्या म्हणालो, गुणाबाय, तुजी गाय म्हज्या भंयान गेली. म्हाका गाडी चलोवंक येना. तुका जाय जाल्यार साहेबाक बरय." गाय आपल्या भीतीने गेली, हवं तर तक्रार कर, असं तो स्वतः सांगत होता. गुणाबायने तक्रार केली नाही. ती मला म्हणाली, "भियेलो तरी चलत आयलो मगे तो. ताका कितें म्हणूं?"

आणि त्यानंतर, सून म्हणाली, दोतोर दर बुधवारी यायचे. बस मिळाली तर बसने, नाही तर चालत. निवृत्त होईपर्यंत. बहीण का येत नाही असं विचारलं, तर तिला शाळेत काम वाढलंय म्हणायचे.

मी वहिनीकडे पाहिलं. तिला माहीत होतं. बायला सांगू नको, ती स्वतःला लावून घेईल, असं त्याने तिला बजावलं होतं आणि तिने ते पाळलं होतं. गुणाबायला त्याने आपल्या भीतीचं नाव सांगितलं, माझ्या रागाचं नाही. मला गाय सकाळी गेल्याचं सांगितलं. ज्या माणसाच्या खोट्या गोष्टीतला ट्रक दर वेळी जवळ येतो म्हणून मी हसत होते, त्याने माझ्यासाठी रचलेली गोष्ट इतकी साधी होती की एवढी वर्षं मला शंकाही आली नाही. भाई, तू मला ओरडायला हवं होतंस. त्या पायरीवर नुसतं म्हणायला हवं होतंस, गाय मरतेय. मी आले असते रे. चिडत, बडबडत, पण आले असते. तुलाही ते माहीत होतं, मग गप्प का राहिलास... कदाचित मी तोंडावर इतकं बोलल्यावर आणखी काही मागायची त्याला लाज वाटली असेल. भीतीपेक्षा ती लाज मोठी ठरली, आणि ती त्याला मी दिली.

गेल्या बुधवारी मी डिचोलीच्या जुन्या दवाखान्यापासून शिरगावला चालत गेले. मुलीला सांगितलं नाही. खाणींचे ट्रक पूर्वीसारखे नाहीत, तरी कडेची झाडं अजून तांबूसच आहेत. वाटेत दोनदा बसले. एका मोरीच्या कठड्यावर बसल्यावर वाटलं, तोही इथे बसला असेल, पण त्या दिवशी नसेल. त्या दिवशी तो धावला असेल. गुणाबायच्या अंगणात पोचले तेव्हा तिच्या सुनेने पाणी दिलं आणि मी घड्याळ पाहिलं. मला दीड तास लागला होता. त्याला तासभर तरी लागला असेल.

स्कूटरवर हा रस्ता बारा मिनिटांचा आहे. त्या दुपारी मी ते सगळं गाडीवरून न उतरता बोलले होते. इंजिनही बंद केलं नव्हतं.