नजर अधू झाल्याचा दाखला

रंगाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे रंगबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि बाईंनाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांचं काम शेड, म्हणजे रंगाची नेमकी छटा, जुळवायचं. नवी बॅच तयार झाली की तिचा रंग लावलेला पत्रा त्यांच्या टेबलावर यायचा. शेजारी जुना, मंजूर झालेला पत्रा ठेवून बाई दोन्ही उजेडात धरत, मान तिरकी करत आणि सांगत, "लाल डोकावतोय. हिरवा टाका, पण बेताने." यंत्रही तेच सांगायचं, पण तासाभराने आणि चार पानं छापून.

मग मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि कारखान्याला जावईबापू लाभले. जावयाला कुठेतरी बसवणं भाग होतं, म्हणून त्यांना गुणवत्ता विभागाचं प्रमुख केलं. स्वभावाने माणूस वाईट नव्हता. त्याला रंग कळत नव्हते, आणि कळत नाहीत हेही त्याला कोणी कळू दिलं नव्हतं, एवढंच.

एका इस्पितळाच्या सहा मजल्यांसाठी पांढऱ्याची मोठी बॅच निघाली. बाई पत्रा बघून म्हणाल्या, हा पिवळा आहे. जावईबापू हसले. पांढरा तो पांढरा, त्यात बघायचं काय?

"तुमच्या शर्टाला लावून बघा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांसमोर लावून बघितला. शर्ट पांढरा होता. पत्र्याला कावीळ झालेली होती. प्रयोगशाळेत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं, आणि तेच बाईंना भोवलं. जावईबापूंनी बॅच स्वतःच्या सहीने पास केली आणि अकराव्या दिवशी बाईंच्या हातात आरोपपत्र पडलं. वरिष्ठांशी उद्धट वर्तन आणि नजर अधू झाल्याने कामास अपात्र. चौकशी अधिकारी म्हणून जे गृहस्थ आले ते मालकांचे साडू निघाले. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडला होता. त्या डॉक्टरांनी बाईंना एकदाही पाहिलं नव्हतं. बाईंचे डोळे बहुधा इतके बिघडले होते की न तपासताच दिसत होते. महिन्याभरात बाई बडतर्फ.

घरी नणंद येऊन म्हणाली, बरंच झालं की, आता आराम कर. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, जन्मभर वरच्यांना घाबरलेला. त्याने सुवाच्य अक्षरात एक माफीनामा लिहिला आणि बायकोच्या चहाच्या कपाखाली ठेवला. बाईंनी त्या कागदावर भाजी निवडली आणि दुसऱ्या दिवशी कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंचा जिना चढल्या.

कामगार न्यायालयात खटला उभा राहिला, म्हणजे एका जागी उभाच राहिला. कंपनीच्या वकिलांची पाठ फक्त तारखेच्या दिवशी दुखायची. बाई डबा घेऊन जायच्या, बाकावर बसून खायच्या आणि पुढची तारीख घेऊन परत यायच्या.

तिसऱ्या महिन्यात कंपनीचा ड्रायव्हर दारात उभा. इस्पितळातून तक्रार आली होती. तिथले धडधाकट लोकही त्या भिंतींपुढे आजारी दिसत होते. ड्रायव्हरच्या हातात रंगाची दोन कार्डं होती आणि मान खाली होती.

"ताई, आतून पाठवलंय. यातलं बरोबर कुठलं ते सांगता का?"

बाईंना दार त्याच्या तोंडावर लावायचं होतं. हात कडीवर गेलासुद्धा, पण डोळे त्याआधीच कार्डांवर गेले होते. "डावं," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "त्यातही निळा किंचित वाढवा." मग त्यांनी दार लावलं आणि दिवसभर स्वतःवरच चरफडत राहिल्या. ज्यांनी आंधळी ठरवली त्यांनाच फुकट रंग दाखवून बसले, असं भांडी घासतानाही पुटपुटत होत्या.

नवऱ्याला मात्र वेगळंच खटकलं. चाळीस वर्षांत त्याने सहीशिवाय कोणाला पाकीट दिलं नव्हतं. पुढच्या खेपेला तो वही घेऊनच दारात बसला. तारीख, वेळ, काय आणलं, कोणी पाठवलं, आणणाऱ्याची सही. ड्रायव्हर सरळमार्गी होता. 'कोणी पाठवलं' या रकान्यात तो दर वेळी प्रामाणिकपणे लिहायचा : जावईसाहेब. दीड वर्षात अशा तेवीस नोंदी झाल्या. माफी मागायला निघालेल्या माणसाने बायकोचा खटला जिंकून ठेवला होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. वही बघून वकीलबाईंनी त्याला खुर्ची दिली, तेव्हा तो बराच वेळ उभाच राहिला.

अखेर जावईबापू साक्षीला आले. बाईंना शेड अजिबात दिसत नाहीत, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. वकीलबाईंनी वही पुढे केली. मग तेवीस वेळा कार्डं का पाठवलीत?

"माणुसकी म्हणून," जावईबापू म्हणाले. "त्यांचं मन रमावं म्हणून."

"आणि त्यांनी सांगितले तेच रंग तुम्ही बनवलेत?"

"हो. म्हणजे... बहुतेक वेळा."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांचं मन रमावं म्हणून तुम्ही अख्खा कारखाना चालवत होता?"

कंपनीच्या वकिलांची पाठ तिथल्या तिथे दुखायला लागली.

बाईंना मधल्या पगारासह कामावर परत घ्या, असा निकाल झाला. पहिल्या दिवशी फाटकावर पुष्पगुच्छ होता, भाषण होतं. बाई म्हणजे कंपनीचे डोळे, असं जावईबापू म्हणाले आणि टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या. बाई गर्दीत ड्रायव्हरला शोधत होत्या. फाटकावरच्या माणसाने हळूच सांगितलं, त्याला आठवड्यापूर्वी काढलं. कानांनी कमी ऐकू येतं म्हणे.

बाईंच्या हातातला गुच्छ एकदम जड झाला. आपण जिंकलो ते कोणाच्या सह्यांवर, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी गुच्छ फाटकावरच ठेवला, प्रयोगशाळेत जाऊन सकाळचे पत्रे तपासले, दोन परत पाठवले आणि संध्याकाळी ड्रायव्हरला घेऊन वकीलबाईंचा तोच जिना चढल्या.

चार महिन्यांनी त्याची तारीख लागली. बाईंनी एका दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी स्पष्ट लिहिलं : कंपनीविरुद्ध साक्ष देण्यासाठी.

जावईबापूंना त्या दिवशी कामं फार होती. त्यांनी अर्ज न वाचताच मंजूर केला.