जुळवलेली उत्तरं

नवरा गेल्यानंतर मी डी.एड. कॉलेजात परत रुजू झाले, तेव्हा कोणत्याही ठाम उत्तराचा मला संशय येत असे. दोन डॉक्टरांनी त्याच्या आजाराची एकच मुदत सांगितली होती आणि ती दोघांचीही चुकली. दुसऱ्याने तोंड उघडण्याआधी पहिल्याचा कागद वाचला होता, हे मला फार उशिरा आठवलं.

होणाऱ्या शिक्षिकांना मी अंदाजाचं गणित दिलं होतं. आपल्या मैदानावर किती माणसं उभी राहतील? दोन वेगळ्या रीतींनी काढा. मौद्याहून बसने येणाऱ्या एका मुलीची दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. एका रीतीत तिने चौरस मीटरमागे माणसं धरली होती, दुसरीत प्रार्थनेसारख्या रांगा. अंदाज असे जुळत नाहीत. कुणाचं तरी उतरवलं असणार, असं मी ठरवून टाकलं. नक्कल निघाली असती तर तिला शाळेतल्या सराव पाठांना जाता आलं नसतं.

बोलावून विचारलं. उतरवलेलं नाही, ती मान खाली घालून म्हणाली. रांगांचं उत्तर फार कमी येत होतं, म्हणून तिने रांगा जवळ जवळ घेतल्या, दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत.

"काहून?" मी तिच्याच बोलीत कारण विचारलं.

"गणिताचं उत्तर तर एकच राहते ना मॅडम. दोन आले तर पोरं म्हणतील, बाईलेच येत नाही."

मला ते पकडल्यावर सुचलेलं वाटलं. वर्गाला मैदानावर नेऊन मी तिच्या मापाच्या रांगा करायला लावल्या. पुढचीची वेणी मागचीच्या तोंडात. रांगेतली एक ओरडली,

"अवं, उतर न माझ्या पाठीवरून. प्रार्थना करून राहिलो का बस पकडून राहिलो?"

सगळ्या हसल्या. मौद्याची ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नवी उत्तरं आणली. आता दोन्हींत भरपूर फरक. माझ्यासाठीच पाडलेला तर नव्हे? रांगांमध्ये एवढीच जागा कशी धरली, मी विचारलं. तिने हात लांब करून माझ्या खांद्यावर टेकवला, शाळेत अंतर घेतात तसा.

"इतकी. पहिल्या रीतीत लोक मोर्च्यासारखे चिकटून आहेत, दुसरीत हे शाळेतले पोरं आहेत. मग एक उत्तर कसं येईल?"

मी सराव पाठांची परवानगी दिली. पहिला पाठ पाहायला मात्र स्वतः येईन, हेही सांगितलं.

"या ना मॅडम," ती म्हणाली. "पण मांगच्या बाकावर बसजा. समोर दिसल्या तर मी पुन्हा जुळवीन."